टीडब्ल्यू २०० : घेण्याआधीपासून वाळूत उतरेपर्यंत, क्रमानं

यामाहाची टीडब्ल्यू २०० ही मोटरसायकल अमेरिकेत १९८७ पासून विकली जाते. जाड टायर, बुटकी सीट, साधं इंजिन. 'पहिली गाडी कुठली घेऊ' असं विचारणाऱ्या, अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना तिचं नाव हमखास सुचवलं जातं आणि ते बरोबरच आहे. पण घेतल्यावर तक्रारीही ठरलेल्या येतात. सकाळी सुरू होत नाही, वाळूत पुढचं चाक पळतं, हायवेवर दम निघतो. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ गाडीत नसतं. लोक आधी बॅगा, हँडगार्ड आणि मोठं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) मागवतात आणि हवा नि कार्बोरेटर शेवटी पाहतात. हा लेख तो क्रम सुलटा करण्यासाठी आहे. उदाहरणं कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीची आहेत. तुमचं राज्य वेगळं असेल तर कागदपत्रांचे नियम तिथले पाहा, बाकीचं सगळीकडे सारखंच.

पुढे लागणारे आकडे : इंजिन १९६ सीसी, हवेनं थंड होणारं, पाच गिअर. वजन सुमारे १२६ किलो, सीटची उंची ७९० मिमी. टाकी १.८ गॅलनची, म्हणजे सात लिटरच्या आत. टायर पुढे १३०/८०-१८, मागे १८०/८०-१४. पुढे डिस्क, मागे ड्रम. एबीएस नाही, पेट्रोलचा काटा नाही. नवीची किंमत ५ हजार डॉलरच्या आसपास, त्यावर डीलरचे खर्च वेगळे.

१. लायसन्स आधी, गाडी नंतर

कारचं लायसन्स मोटरसायकलला चालत नाही. कॅलिफोर्नियात एम१ वर्ग लागतो. २१ वर्षांखालच्यांना प्रशिक्षण सक्तीचं आहे. त्यावरच्यांना नाही, पण प्रमाणपत्र मिळालं की डीएमव्हीची, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याची, चालवण्याची परीक्षा माफ होते. लेखी परीक्षा द्यावीच लागते.

'मी पुण्यात पंधरा वर्षं गाडी चालवलीय, मला कसला कोर्स?' हे वाक्य ज्यांच्या तोंडी येतं, त्यांनीच हा कोर्स आधी करावा. कारण पाचव्या टप्प्यात येईल. शिवाय गाडी तिथलीच मिळते. पडली तर त्यांची पडते.

हेल्मेट डीओटी (अमेरिकेचं परिवहन खातं) प्रमाणित हवं. हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट आणि कोपर-खांद्याला पॅड असलेलं जॅकेट यांचे पैसे गाडीच्या बजेटमधूनच बाजूला काढा. गाडी घेतल्यावर ते उरत नाहीत.

२. जुनी गाडी पाहायला जाताना

या गाड्या फार चालवल्या जात नाहीत, नुसत्या उभ्या राहतात. दहा वर्षांची गाडी आणि १,८०० मैल अशी जाहिरात सर्रास दिसते. कमी मैल पाहून हुरळू नका. चाललेल्या गाडीपेक्षा उभी राहिलेली गाडी इथे जास्त खर्चात पाडते.

निघण्याआधी विक्रेत्याला एकच गोष्ट सांगा : 'मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.' पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर दाल में कुछ काला. गाडी पूर्ण थंड होईपर्यंत थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी या.

थंड इंजिनाचा आग्रह कार्बोरेटरमुळे. टीडब्ल्यूला फ्युएल इंजेक्शन नाही. अमेरिकेतल्या बहुतेक पंपांवर दहा टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ते काही महिने कार्बोरेटरच्या वाटीत पडून राहिलं की चिकट थर धरतं आणि सगळ्यात बारीक भोक, म्हणजे पायलट जेट, बुजतं. मंद चाल आणि थंड सुरुवात याच जेटवर चालते. इंजिन तापलेलं असलं की हा दोष बराचसा झाकला जातो.

आता या क्रमानं पाहा :

चोक ओढून सुरू करा. दोन-तीन मिनिटांनी चोक हळूहळू आत ढकला. हे इंजिन तापायला वेळ घेतं, त्यामुळे थोडी कुरकुर चालेल. पण पाच-सात मिनिटांनंतरही चोक काढताच बंद पडत असेल तर पायलट जेट बुजलंय. सौदा मोडायची गरज नाही, कार्बोरेटर साफ करण्याची मजुरी किमतीतून वळती करा.

टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारा. तांबूस थर दिसला तर गंज आहे आणि साफ केलेला कार्बोरेटर महिन्याभरात पुन्हा भरणार.

टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. त्याचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी खोल दिसते म्हणून टायर चांगला समजू नका. हे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूला बारीक भेगा असतील तर दोन्ही बदलायचे असंच धरा. मागच्या मापाचे पर्याय मोजकेच आहेत आणि कोपऱ्यावरच्या दुकानात ते मिळत नाहीत.

चेन-स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकलेत का, पुढच्या फोर्कवर तेलाचा ओघळ आहे का, स्पोक पेन्सिलनं वाजवल्यावर एखादा बद्द वाजतो का, एवढं पाहा. शेवटी पुढचं चाक उचलून धरायला सांगा आणि हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडकलं तर बेअरिंग गेलंय.

२००० पर्यंतच्या गाड्यांना किक होती आणि पुढेही ड्रम ब्रेक होता. २००१ पासून पुढे डिस्क आली, किक गेली. किकच्या मोहात पहिल्याच गाडीला पुढचा ड्रम घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. बॅटरी बदलता येते, थांबायचं अंतर नाही.

३. पैसे देण्याआधी कागद

टायटल, म्हणजे मालकीचा कागद, हातात घ्या. त्यावरचं नाव आणि समोरच्या माणसाचं ओळखपत्र जुळलं पाहिजे. हँडलच्या मानेवर कोरलेला १७ अक्षर-अंकांचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टायटलवरच्याशी एकेक अक्षर लावून पाहा. 'टायटल हरवलंय, तुम्ही डीएमव्हीत सहज काढून घ्याल' असं कुणी म्हणालं तर 'तुम्हीच काढा, मी पुढच्या महिन्यात येतो' म्हणा आणि निघा. टायटलवर बँकेचा बोजा किंवा सॅल्व्हेजचा (गाडी भंगारात काढल्याचा) शिक्का आहे का, तेही वाचा.

कॅलिफोर्नियात विक्रेत्यानं पाच दिवसांत मालकी सोडल्याची सूचना द्यायची असते आणि घेणाऱ्यानं दहा दिवसांत नाव बदलून घ्यायचं असतं. मोटरसायकलला स्मॉग (धुराची) चाचणी लागत नाही.

थांबा : कॅलिफोर्नियात राहून नेवाडा किंवा ॲरिझोनातून स्वस्त गाडी आणताय? ७,५०० मैलांपेक्षा कमी चाललेली गाडी डीएमव्ही 'नवी' धरते. ती कॅलिफोर्नियाच्या उत्सर्जन नियमांना प्रमाणित नसेल, तर मोजके अपवाद सोडून तिथल्या रहिवाशाच्या नावावर होत नाही. टीडब्ल्यू जुन्या झाल्या तरी इतक्या चालत नाहीत, म्हणूनच हा नियम नेमका यांना चावतो. गाडीवरच्या उत्सर्जनाच्या लेबलवर कॅलिफोर्नियाचा उल्लेख आहे का ते आधी पाहा.

विमा फक्त कायद्यापुरता काढलात तर तो समोरच्याचं नुकसान भरतो. तुमचं हाड मोडलं तर तुमचा आरोग्य विमा कामी येणार. त्यातली तुमच्या खिशातून जाणारी रक्कम किती, हे गाडी घेण्याआधी वाचा.

४. घरी आणल्यावर, चालवण्याआधी

हवा. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. कारला ३२ भरतात म्हणून इथेही ३२, किंवा आपल्याकडच्या पंपावर 'पुढे पंचवीस, मागे तीस' सांगायची सवय. टीडब्ल्यूच्या पुस्तिकेत हलक्या भाराला पुढे १८ आणि मागे २२ पीएसआय आहे, जास्त भाराला २२ आणि २५. टायर थंड असताना मोजायचं. एवढ्या मोठ्या पोटाच्या टायरला कमी दाब पुरतो आणि तेच त्याचं निम्मं सस्पेन्शन आहे. जास्त भरलात तर टायर मधल्या पट्ट्यावरच टेकतो, पकड जाते आणि प्रत्येक खडा मनगटात येतो. कारचा ० ते १०० वाला गेज या पट्ट्यात नीट वाचत नाही. ० ते ३० पीएसआयचा वेगळा घ्या.

ऑइल. जुनी गाडी असेल तर विक्रेता काहीही म्हणो, बदला. साधारण एक लिटर लागतं. मोटरसायकलचंच घ्या. इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात चालतात, त्यामुळे कारच्या काही तेलांनी क्लच घसरायला लागतो. इंजिनाखाली एकाहून जास्त बोल्ट दिसतात. पुस्तिकेतलं चित्र शेजारी ठेवून ऑइलचाच बोल्ट खोला. फिल्टर धातूच्या जाळीचा आहे. तो फेकायचा नाही, धुऊन परत बसवायचा.

चेन. तिची ढील, ती सर्वात घट्ट लागते त्या जागी मोजायची. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी पाहा. घट्ट करताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा, नाहीतर चाक तिरकं बसतं.

मूळचं स्प्रॉकेट पुढे १४ आणि मागे ५० दातांचं असतं. पुढे १५ टाकलं की वेग वाढतो म्हणून लोक पहिल्याच आठवड्यात बदलतात. मग पहिला गिअर लांब होतो आणि वाळूत, चढावर क्लच जळायला लागतो. शिकून होईपर्यंत १४ च राहू द्या.

तपासा : सुरू होत नसेल तर बॅटरीला शिव्या देण्याआधी हँडलवरचा लाल स्विच, साइड स्टँड आणि पेट्रोलचा कॉक पाहा. गिअरमध्ये असताना स्टँड खाली असेल तर गाडी सुरू होत नाही. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

५. मोकळं पार्किंग : जुन्या सवयी मोडणं

रविवारी सकाळी एखाद्या शाळेचं किंवा बंद दुकानांचं रिकामं पार्किंग गाठा, परवानगी असेल तर. इथे शिकण्यापेक्षा जुनं विसरणं अवघड असतं.

स्प्लेंडरवर हात बसलेल्यांसाठी : तिथे सगळे गिअर पुढे दाबून पडतात. इथे पहिला खाली, न्यूट्रल मध्ये, बाकीचे चार वर. जुन्या सवयीनं वर जायचं म्हणून पाय खाली दाबलात तर गिअर उतरतो आणि मागचं चाक किंचाळत घसरतं. गडबडीच्या क्षणी पाय जुनंच करतो. म्हणून थांबा-निघा, पहिला-दुसरा-तिसरा-दुसरा हे तोंडानं बोलत, कंटाळा येईपर्यंत करा.

ॲक्टिव्हावाल्यांसाठी : डावा लिव्हर आता क्लच आहे. घाबरून तो ब्रेक म्हणून दाबलात तर गाडी थांबणार नाही, उलट मोकळी सुटेल.

आणि दोघांसाठी : पुढचा ब्रेक. 'पुढचा दाबला की पडतो' हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जातं. डांबरावर सरळ चालत असताना थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या चाकातच असते. फक्त झटकन आवळायचा नाही. आधी हलका धरा, वजन पुढे येऊ द्या, मग वाढवत न्या. ताशी १५ मैलांवर सुरुवात करा, मग २०, मग २५.

याच पार्किंगमध्ये हळू वेगात इंग्रजी आठच्या (8) आकाराच्या फेऱ्या मारा. जाड टायरमुळे हँडल जड आणि थोडं हट्टी वाटेल. नजर वळणाच्या शेवटी ठेवली की गाडी वळते. चाकासमोर पाहत राहिलात तर अडते.

गाडी उचलायलाही आताच शिका. इंजिन बंद, कॉक बंद. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढा, म्हणजे उभी केल्यावर पलीकडे कोसळणार नाही. पाठ सीटला लावा, एका हातात हँडलची खालची मूठ, दुसऱ्या हातात फ्रेम, आणि पायांच्या जोरावर मागे चालत जा. कमरेतून वाकून उचलायला गेलात तर गाडी उभी राहील आणि तुम्ही आडवे व्हाल.

६. डांबर

उजव्या बाजूनं चालवायची सवय कारमुळे झालेली असते. पण रिकाम्या रस्त्यावर, पंपातून बाहेर पडताना किंवा डावीकडे वळल्यावर दुचाकीवर जुना मेंदू जागा होतो. वळणाआधी मनात 'उजवी लेन' म्हणा. चौकात समोरून डावीकडे वळणारी कार हा सगळ्यात मोठा धोका. ती थांबलीय म्हणजे तिनं तुम्हाला पाहिलंय असं नाही.

सिग्नल हिरवा होत नसेल तर रस्त्यात कापलेली बारीक रेघ शोधा. त्याखाली गाडी आल्याचं ओळखणारं तारेचं वेटोळं असतं. चाकं नेमकी त्या रेघेवर उभी करा.

फ्रीवेवर ही गाडी कायद्यानं चालते, शहाणपणानं नाही. ५० ते ५५ मैलांपर्यंत ती खुशीत असते. त्यापुढे ओरडते, आणि मागून ७५ नं येणाऱ्या ट्रकपासून पळायला हातात काही उरत नाही. नकाशात हायवे टाळण्याचा पर्याय कायमचा चालू करून ठेवा.

थांबा : हे टायर मातीसाठी आहेत. ओल्या डांबरावर, पांढऱ्या पट्ट्यांवर आणि गटाराच्या झाकणांवर ते लवकर घसरतात. जाड आहेत म्हणून पकड जास्त, हा गैरसमज आहे.

पेट्रोलचा काटा नसल्यामुळे टाकी भरली की ट्रिप मीटर शून्यावर आणा. ७५-८० मैलांवर पंप शोधायला लागा. गाडी रिझर्व्हला लागली की चालता चालता कॉक फिरवता आला पाहिजे, तोही न पाहता. भरल्यावर कॉक परत 'ऑन'वर आणायला विसरू नका. नाहीतर पुढच्या वेळी रिझर्व्हही संपलेलाच असेल.

७. आधी कच्चा रस्ता, मग वाळू

कुठे जाता येतं ते आधी बघा. राष्ट्रीय वनांसाठी फॉरेस्ट सर्व्हिस मोटार वाहनांचे नकाशे फुकट देते. कुठला रस्ता कुठल्या वाहनाला आणि कोणत्या महिन्यांत खुला, ते त्यात असतं. फोनवर उतरवून घ्या, जंगलात नेटवर्क नसतं. मूळच्या सायलेन्सरमध्ये ठिणगीरोधक असतो आणि तो वनांत लागतोच. आवाजासाठी सायलेन्सर बदललेली गाडी घेतली असेल तर हे तपासा.

न्यू जर्सीत पाइन बॅरन्समधलं व्हार्टन स्टेट फॉरेस्ट एडिसनहून दीड-दोन तासांवर आहे. तिथे नंबरप्लेट आणि विमा असलेलीच गाडी चालते, तीही नकाशावरच्या रस्त्यांवर. आणि तिथली वाळू पिठीसाखरेसारखी आहे. म्हणून पहिल्या दिवशी तिथे जाऊ नका. आधी दोन-तीन आठवडे घट्ट खडीच्या रस्त्यावर काढा. पायांवर उभं राहून चालवणं, गुडघ्यांनी टाकी धरणं, हँडल सैल ठेवणं हे अंगवळणी पडू द्या.

वाळूत उतरण्याआधी हवा कमी करा, पुढे साधारण १२, मागे १४. सोबत छोटा पंप असल्याशिवाय एक फुंकरही सोडू नका. दर अर्ध्या तासानं टायरची वाल्व्ह पाहा. ती सरळ उभी असली पाहिजे. कलली असेल तर टायर रिमवर सरकतोय आणि आतली ट्यूब ओढली जातेय. लगेच दोन-तीन पीएसआय वाढवा.

मग :

दुसरा गिअर, वजन थोडं मागे, नजर पन्नास पावलं पुढे. पुढचं चाक डावी-उजवीकडे भटकणारच, त्याला भटकू द्या. हँडल आवळून सरळ करायला गेलात की पडलात. चाक भटकायला लागलं की हात आपोआप रेस सोडतो, आणि नेमकी तीच चूक. रेस सोडली की वजन पुढे येतं आणि चाक रुततं. किंचित रेस वाढवा, ते वर येतं. थांबायचं असेल तर रेस हळूहळू कमी करा, वाळूच गाडी थांबवते. पुढचा ब्रेक विसरा. निघताना मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं तर लगेच बंद करा, नाहीतर ॲक्सलपर्यंत खड्डा होतो. उतरा, शेजारून चालत, हलक्या रेसनं बाहेर काढा.

चढावर बंद पडली तर क्लच दाबू नका. गिअरमध्ये अडकलेलं मागचं चाकच गाडी धरून ठेवतं. पुढचा ब्रेक एकटा धरलात तर उतारावर पुढचं चाक घसरतं.

ओढा ओलांडल्यावर मागचा ड्रम ओला असतो आणि ब्रेक जवळजवळ लागत नाही. थोडं अंतर पेडल हलकं दाबून चालवा, मग जोरात दाबून खात्री करा.

तपासा : डांबरावर परत येण्याआधी हवा पुन्हा १८ आणि २२. बारा पीएसआयवर ५० मैलांनी वळण घेताना गाडी पाठीमागून डोलते.

मागच्या टायरचं पंक्चर रस्त्याच्या कडेला काढणं सोपं नाही. टायरची कड रिमला फार घट्ट बसलेली असते. एकदा घरी, वेळ हाताशी असताना काढून बघा. तेवढं जमेपर्यंत एकट्यानं लांब जाऊ नका. एवढंही करायचं नसेल तर निदान टोइंग असलेला विमा घ्या.

८. गाडी उभी ठेवताना

महिनाभर उभी राहणार असेल तर काम दहा मिनिटांचं आहे. टाकी पूर्ण भरा, म्हणजे आत गंजायला हवा उरत नाही. पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर टाकून पाच मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचतं. मग कॉक बंद करा. कार्बोरेटरच्या वाटीखालचा छोटा स्क्रू सैल करून उरलेलं पेट्रोल भांड्यात काढा. इंजिन थंड झाल्यावर, उघड्यावर, आणि गॅरेजमधल्या गिझरपासून लांब.

न्यू जर्सीच्या थंडीत बॅटरी काढून घरात मेंटेनर चार्जरवर ठेवा. बॅटरी लहान आहे आणि किक नाही. 'आठवड्यातून एकदा पाच मिनिटं सुरू करतो' हा उपाय उलटा पडतो. इंजिन पुरतं तापत नाही, आत पाणी धरतं आणि सुरू करताना गेलेली वीज परत भरत नाही.

मार्चमध्ये बाहेर काढताना रस्त्यावरचं मीठ एक-दोन चांगल्या पावसांनी धुऊन जाऊ द्या. मग हवा, ऑइलची पातळी, चेन, दोन्ही ब्रेक. कॉक उघडून मिनिटभर थांबा, वाटी भरू द्या, चोक ओढा आणि मगच बटण दाबा. पहिली फेरी पार्किंगमध्येच मारा. चार महिन्यांत पाय पुन्हा स्प्लेंडरवर गेलेला असतो.